आधी आपलं नाव सांगावं

आमच्या घरी फोन आला त्याच्या कितीतरी आधी मी फोनवर कसं बोलायचं ते शिकले. दादरला हिंदमाताजवळच्या आमच्या चाळीत फोन एकच होता, तळमजल्यावर, आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांना सगळी चाळ ‘फोनवाल्या काकू’ म्हणायची. बाबांच्या ऑफिसात, माझ्या शाळेच्या फॉर्मवर, मावशीच्या लग्नपत्रिकेत अगदी खालच्या ओळीत, सगळीकडे त्यांचाच नंबर आणि पुढे पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे. ते हाक मारतील, निरोप देतील, पण त्यावर तुमचा हक्क नाही.

त्या फोनचे काही रिवाज होते. कुणी लिहून लावले नव्हते, पण मोडले की लगेच कळायचं. फोन करणाऱ्याने ‘दुसऱ्या मजल्यावरच्यांना जरा बोलावता का, मी पाच मिनिटांनी परत करतो’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. आई जिना उतरून येईपर्यंत रिसीव्हर टेबलावर पडून राहिला तर काकूंची लाइन अडकायची, आणि त्यांच्या मुलीच्या सासरहून नेमका तेव्हाच फोन यायचा. काकू चौकात येऊन वर तोंड करून हाक मारायच्या, “दुसरा मजला, फोऽन!” मग कुणाचा फोन, कुठून, कशाला, याची चर्चा आई खाली पोहोचायच्या आत तिन्ही मजल्यांवर सुरू झालेली असायची.

काकूंच्या घरात फोनजवळ स्टूल होतं, पण त्यावर बसायचं नाही, उभ्यानेच बोलायचं. त्यांची पंगत बसली असेल तर ताटांकडे पाठ करून उभं राहायचं. बोलणं झालं की तडक वर पळायचं नाही. काय होतं ते काकूंना दोन वाक्यांत सांगायचं. त्यांनी सगळं ऐकलेलंच असायचं, तरी आपण सांगायचं. स्वतः फोन केला तर शेजारच्या डब्यात पैसे टाकायचे, आणि टाकल्याचा आवाज होईल असे टाकायचे. दिवाळीत फराळाचं पहिलं ताट तळमजल्यावर जायचं, त्यातल्या चकल्या आई निवडून घालायची, एकही मोडकी नाही.

आणि दुसऱ्याच्या घरात फोनवर रडायचं नाही. आजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा आई “बरं, निघते” एवढंच म्हणाली. काकूंना सांगितलं, जिना चढून वर आली, दार लावलं, आणि मग बसली.

माझे स्वतःचे फोन मी तिथून करत नसे. काकूंच्या समोर मैत्रिणीशी काय बोलणार? त्यासाठी कोपऱ्यावरचा इराणी होता. गल्ल्याशेजारी नाण्याचा फोन, एका बाजूला खारी-मस्क्याच्या बरण्या, मागे दोन माणसं रांगेत. त्या डब्याची एक खोड होती. पलीकडच्याने फोन उचलला की त्याचा आवाज आपल्याला ऐकू यायचा, पण नाणं आत पडेपर्यंत आपला आवाज त्याला जायचा नाही. त्यामुळे समोरचा “हॅलो? हॅलो?” करतोय, आपण नाणं ढकलतोय, ते अडकलंय, वरून थाप मारतोय, आणि तिकडे त्यांची खात्री पटत चाललीय की हा ब्लँक कॉल. ज्या घरात वयात आलेली मुलगी आहे त्या घरी ब्लँक कॉल म्हणजे काय, हे ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना सांगायला नको.

वैशालीच्या घरी असंच व्हायचं. (नाव बदललंय. ती वाचेल तेव्हा ओळखेलच.) १९८८ साली आम्ही रुईयात अकरावीला एका बाकावर आलो. ती पार्ल्याची, म्हणजे पूर्वेची, हे ती स्वतःच दर वेळी सांगायची. तिच्या घरी स्वतःचा फोन होता, सहाने सुरू होणारा नंबर. पार्ल्याचे सगळे सहाचे, आमच्या दादरचे चारचे. आणि फोन उचलायचे तिचे वडील. नेहमी. ते रेल्वेत नोकरीला होते आणि फोन उचलण्याचं काम त्यांनी घरात दुसऱ्या कुणाकडे दिलेलं नव्हतं.

काकांची पद्धत ठरलेली होती. तुम्ही “वैशाली आहे का?” म्हणालात की पलीकडून शांतपणे यायचं, “आपण कोण?” तुम्ही नाव सांगितलंत की, “कुठली?” मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून: “आधी आपलं नाव सांगावं. मग कोण हवंय ते विचारावं. मग काम. कुणाच्या घरी गेल्यावर दारातच आपण कोण ते सांगतो ना? तसंच हे.” आवाज अजिबात चढलेला नसायचा. हे प्रवचन आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकीने ऐकलेलं होतं, मुलांनी तर पुरवणीसकट. इराण्याच्या फोनवरून ऐकायचं तर ‘मग काम’पर्यंत पोहोचेस्तोवर नाणं संपत आल्याची पिप-पिप सुरू व्हायची.

त्यामुळे आम्ही एक वाक्यच तयार ठेवलं होतं. “नमस्कार काका, मी अंजली, वैशालीच्या वर्गातली, दादरहून बोलतेय, वैशाली घरी असेल तर दोन मिनिटं बोलायचं होतं.” एका श्वासात. इराण्यापर्यंत चालत जाताना मी ते म्हणत जायचे. ‘घरी असेल तर’ हे महत्त्वाचं, कारण त्यामुळे ‘ती घरी नाही’ असं म्हणायची सोय समोरच्याला मिळते, आणि आपल्याला नकार दिला असं कुणालाच वाटत नाही. ‘दोन मिनिटं’ हे अर्थातच खोटं होतं, आणि ते काकांनाही माहीत होतं.

आता इथे थोडं थांबते, कारण या आठवणी लिहिताना माणसं फार गोड होतात. काकांच्या त्या प्रश्नांत आणखी एक प्रश्न असायचा: “आडनाव?” माझं आडनाव त्यांच्या पसंतीतलं होतं, म्हणून तो प्रश्न मला कधी टोचला नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीला तो दर वेळी विचारला जायचा, ओळख झाल्यावरसुद्धा, आणि तिने मग पार्ल्याला फोन करणंच सोडलं. आवाज, भाषा, आडनाव, राहायला कुठे, वडील काय करतात. अर्ध्या मिनिटात सगळी चौकशी पूर्ण, आणि तीही ‘आपण’, ‘अहो-जाहो’ करून. अदब खरी होती, आणि नाकाबंदीही. वैशालीच्या भावाचे फोन यायचे तेव्हा मात्र काका नुसते “थांबा, देतो” म्हणायचे. मुलाला कुणाचाही फोन आला तर चालतो.

मुलांची पंचाईत वेगळीच. वर्गातल्या मुलाने मुलीच्या घरी सरळ फोन करायचा म्हणजे धाडस. मग ते आम्हाला धरायचे. “तू लाव ना, ती आली की मला दे.” रुईयाच्या नाक्यावरच्या पीसीओत मी रिसीव्हर कानाला लावून “नमस्कार काकू” म्हणतेय आणि शेजारी एक सहा फुटी मुलगा घाम पुसतोय, हे दृश्य बऱ्याच वेळा झालंय. त्यातल्या एकाचं पुढे लग्नही झालं, त्याच मुलीशी. त्या मुलीची आई मला अजून ‘फोन करणारी’ म्हणूनच ओळखते. ज्यांना मध्यस्थ मिळायची नाही ते वडिलांचा आवाज आला की फोन आपटायचे. वैशालीचे वडील अशा वेळी रिसीव्हर ठेवता ठेवता घरभर ऐकू जाईल असं म्हणायचे, “ज्याला नाव नाही त्याला काम काय असणार?”

निरोप ठेवणं ही तर कलाच होती. बाकीच्या घरांत निरोप सांगोवांगी जायचा, निम्मा गळायचा, आणि ते सोयीचं होतं. काकांकडे मात्र फोनशेजारी लांबट डायरी असायची. तारीख, वेळ, नाव, निरोप, सगळं लिहून काढायचे आणि शेवटी वाचून दाखवायचे. “उद्या अकरा वाजता लायब्ररीत भेटणे. बरोबर?” रात्री जेवताना ते वैशालीला विचारणार, कुठली लायब्ररी? तेव्हा थापसुद्धा अशी मारायला लागायची की लेखी राहिली तरी टिकेल. आमच्यातली एक जण सरळ खरं सांगायची: “काका, मॅटिनीला जातोय, तिला विचारायचं होतं.” तिलाच फक्त परवानगी मिळायची. आम्ही यातून काही शिकलो नाही.

आजींनी फोन उचलला तर सगळं वेगळं. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि फोनचं भारी आकर्षण. वैशाली हवीय हे त्यांना कळायच्या आधी दादरला पाऊस आहे का, आईचे गुडघे कसे आहेत, कीर्ती कॉलेजजवळ वडा अजून मिळतो का, ही उत्तरं द्यावीच लागायची. “आजी, वैशालीला देता?” असं मध्येच म्हणणं उद्धटपणाचं. म्हणून आजींसाठी खिशात एक नाणं जास्तीचं ठेवायचं.

वेळेचं गणित त्याहून अवघड. पाणी यायच्या वेळेला कुणाच्या घरी फोन करायचा नाही, ही माझ्या आईची सक्त ताकीद होती. मुंबईत नळाला पाणी ठरावीक वेळी येतं आणि प्रत्येक भागाची वेळ निराळी. पिंपं भरायची, कपडे उरकायचे, भांडी घासायची, सगळं त्यातच. त्या वेळी फोन खणखणला तर घरातली बाई ओल्या हाताने धावत येणार आणि तिकडे बादली वाहून जाणार. म्हणून मैत्री पक्की झाली की घरच्या नंबरासोबत पाण्याची वेळही विचारून घ्यायची. वडिलांची गाडी पकडायची धावपळ असते तेव्हा नाही. दुपारी दोन ते चार नाही, बाया तेवढ्याच पाठ टेकतात. दूरदर्शनच्या मराठी बातम्या चालू असताना नाही. रात्री साडेनऊ-दहानंतर तर मुळीच नाही, कारण त्या वेळी वाजणारा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असाच अर्थ घेतला जायचा आणि उचलणाऱ्याचा हात थरथरायचा. दिवेलागणीच्या वेळी चालायचं, पण आवाज आनंदी ठेवायचा.

बारावीच्या निकालाच्या दिवशी सगळ्यांच्याच घरी फोन करावासा वाटतो आणि करता येत नाही. मैत्रिणीच्या घरी फोन केला आणि उचलला आईने, तर काय विचारणार? आईवडिलांना मार्क विचारायचे नाहीत, हे आम्हाला कुणी न सांगता समजलेलं होतं. “काकू, वैशालीला जरा देता?” आणि काकूंच्या “देते हं” मधल्या ‘हं’वरून टक्केवारीचा अंदाज यायचा. मैत्रीण फोनवर आलीच नाही, ‘अंघोळीला गेलीय’ असं कळलं, तर पुन्हा फोन करायचा नाही. संध्याकाळी घरी जायचं.

आमच्या घरी स्वतःचा फोन १९९१ च्या दिवाळीच्या आसपास आला. बाबांनी पूजा केली, मला हसू आलं, आणि आठवड्याभरात डायलला छोटं कुलूप लागलं. कुलूप असलं तरी ज्या खटक्यावर रिसीव्हर ठेवतात तो हव्या त्या आकड्याइतका पटापट दाबून नंबर लावता येतो, हे भावाने दोन दिवसांत शोधून काढलं. तीन असेल तर तीन टिचक्या, शून्याला दहा. पार्ल्याच्या नंबरात शून्य दोन होते, तेव्हा तो नंबर लावणं म्हणजे तबल्याचा रियाजच. बिल आल्यावर कुलुपाचा उपयोग नाही हे बाबांना कळलं आणि ते कुलूप पुढे ट्रंकेला लागलं.

२००२ मध्ये मुंबईच्या सगळ्या नंबरांपुढे दोनचा आकडा लागला, सातचे आठ झाले. काकांनी आपल्या नंबरांच्या डायरीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक नंबराआधी लाल शाईने २ काढला. वैशाली तोवर लग्न होऊन न्यू जर्सीला गेली होती, मी मुलुंडला. तरी मी पार्ल्याला फोन करायचे. आधी सणावाराला, मग काही कारण नसताना. आता मधे वैशाली नव्हतीच. काका म्हणायचे, “नमस्कार. बोला अंजली. काम?” काम नाही म्हटलं की त्यांना थोडा वेळ काय बोलावं सुचायचं नाही, मग ते काकूंना हाक मारायचे.

२६ जुलै २००५ ला माझं ऑफिस अंधेरी पूर्वेला होतं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आकडे नंतर कळले. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की गाड्या बंद आहेत, मोबाइल लागत नाही आणि पाणी गुडघ्यावरून मांडीवर आलंय. हायवेने हातात हात घालून चालत आम्ही काही जणी पार्ल्यापर्यंत आलो. ऑफिसातल्या दोघी, आणि वाटेत सोबत झालेली एक कॉलेजची मुलगी, तिचं नावही तोवर विचारलं नव्हतं. काकांच्या बिल्डिंगमध्ये वीज गेली होती, पण फोन चालू होता. जुन्या लँडलाइनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून, फोनच्याच तांब्याच्या तारेतून यायची, म्हणून घरात अंधार असला तरी तार शाबूत असेल तर तो बोलायचा.

काकूंनी कपडे दिले, पोहे टाकले. काकांनी मेणबत्तीजवळ डायरी उघडली, प्रत्येकीला घरचा नंबर विचारला, आणि एकेक लावायला बसले. एंगेज, परत, एंगेज, परत. मुलुंडला लागला तो खूप रात्री. मी समोरच होते. ते म्हणाले, “नमस्कार. काळजीचं काही नाही, सगळं ठीक आहे. मी पार्ल्याहून बोलतोय, तुमच्या सुनेच्या मैत्रिणीचा वडील. सून आमच्याकडे आहे. कोरडे कपडे घालून पोहे खातेय. आता तिला देतो.”

माझ्या सासूबाई नंतर कित्येक वर्षं हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायच्या. मला मात्र त्याच क्षणी लक्षात आलं होतं की काकांनी क्रम बदललाय. नाव दुसरं, ‘काळजीचं काही नाही’ पहिलं. सकाळी मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “अशा रात्री अनोळखी आवाजाने आधी नाव-गाव सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो नाव ऐकतच नाही.” वाटेत भेटलेल्या मुलीच्या घरचा फोन बंद होता, तर त्यांनी तिच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टरांचा नंबर १९७ ला, म्हणजे फोनच्या चौकशीला, विचारून मिळवला आणि त्यांच्याकरवी निरोप पोहोचवला. तिचं आडनाव त्यांनी विचारलं, पण ते फोन डिरेक्टरीत शोधण्यापुरतं. हे मी मुद्दाम लिहितेय, वर जे लिहिलंय ते खोडण्यासाठी नाही. दोन्ही एकाच माणसाचं आहे.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. काकू पार्ल्याला एकट्या असतात, ब्याऐंशीच्या आहेत, सकाळ-संध्याकाळ एक बाई येते. मोबाइल आहे, पण तो कपाटात ‘चार्ज होऊन’ असतो. फोन म्हणजे बाहेरच्या खोलीतला. आणि मी अजून मैत्रिणीच्या घरी फोन करते. माझ्या वयाच्या ज्या-ज्या लोकांचे मित्रमैत्रिणी अमेरिकेत, दुबईत, नाहीतर नुसते पुण्यात आहेत, त्यांना हे नवीन काम लागलंय. रात्री मेसेज येतो, ‘आई फोन उचलत नाहीये, जरा बघतेस?’ आणि आपण लावतो.

या फोनला पुन्हा वेगळी रीत. रिंग भरपूर वाजू द्यायची. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला काकूंना वेळ लागतो, आणि घाईने आल्या तर गालिच्याची कड आहे. पूर्ण वाजून थांबला की लगेच पुन्हा लावायचा नाही. त्या निम्म्या वाटेत असतात, परत वाजला की पळतात. थोडं थांबून लावायचा. उचलल्यावर पहिलं वाक्य सावकाश, कारण पहिलं वाक्य श्रवणयंत्र नीट करण्यात जातं. ‘तब्येत कशी आहे’ हे कधीच पहिलं विचारायचं नाही, नाहीतर सगळा फोन तब्येतीचाच होतो आणि ठेवताना त्या थकलेल्या असतात. मी भाजीचा भाव विचारते. पार्ल्याच्या बाजारातला मटारचा भाव सांगताना काकूंचा आवाज कसा लागतोय यावरून तब्येत कळते. वैशालीला मग तसं कळवते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा फोन लागेना. काकूंचा फोन तोवर तांब्याच्या तारेवरून फायबरवर गेला होता, आणि फायबरचा फोन घरातल्या मोडेमवर चालतो, मोडेम विजेवर. वीज गेली की फोन मुका. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. खालच्या मजल्यावर फोन करून माणूस वर पाठवला, काकू गॅलरीत भाजी निवडत होत्या. त्यानंतर मोडेमला छोटी बॅटरी लावून घेतली. तुमच्याकडे कुणी म्हातारं माणूस लँडलाइनच्या भरवशावर राहत असेल तर एवढं बघून घ्या. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं, तेव्हा काकांच्या त्याच डायरीत काकूंनी सगळ्या मोबाइल नंबरांआधी शून्य काढलं. निळ्या शाईने, कारण लाल मिळालं नाही.

आणि आता हे ठग. मला पहिल्यापासून चीड असलेली एक सवय आहे: फोन करून “ओळखा पाहू कोण?” विचारायची. लग्न झालेल्या आतेबहिणी, शाळेतले मित्र, सगळे करायचे. समोरच्याने चार चुकीची नावं घ्यायची आणि ओशाळायचं. तेव्हा तो फक्त आगाऊपणा होता. आता फसवणाऱ्यांचं तेच हत्यार झालंय. “काकी, ओळखलं नाहीत का?” म्हणायचं, म्हातारं माणूस भिडेखातर स्वतःच एखादं नाव पुरवतं, “कोण, संजू का?” की हा झाला संजू. मग संजूला अपघात होतो, त्याला पैसे लागतात. दुसरा प्रकार पोलिसांच्या नावाने, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणून. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच कळवायचं; तो नंबर काकूंच्या फोनवर मी मोठ्या अक्षरात चिकटवलाय.

मागे काकूंना असा एक फोन आला. “आजी, ओळखलंत का?” काकू म्हणाल्या, “आधी आपलं नाव सांगावं.” तो म्हणाला, “अहो, तुमचाच नातू.” काकू म्हणाल्या, “नातवालाही नाव असतं. मग कोण हवंय ते विचारावं. मग काम.” त्याने ठेवला. त्यांना नातू नाही, नात आहे, पण तो मुद्दा त्यांनी मला शेवटी सांगितला. त्यांच्या लेखी महत्त्वाचं हे की माणसाने नाव सांगितलं नाही. आता हा नियम सगळ्यांना लागू झालाय. गॅसवाल्याला, बँकेतून येणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला (“ती बाई नुसती बोलतच राहिली गं, नाव काही सांगेना”), आणि नातीलासुद्धा.

वैशालीची मुलगी तिकडेच जन्मलेली. ती मोकळेपणाने “हाय आजी!” म्हणते. हल्ली आवाजाचीही नक्कल करतात असं काकूंनी पेपरात वाचल्यापासून त्या “कोण बोलतंय?” विचारतात. मग ती पोरगी अमेरिकन मराठीत, आडनावासकट, आपण कोण, कुठून बोलतोय, कोण हवंय ते सांगते. काकू म्हणतात, “हं. बोल.”

तिची वेळ रविवारी सकाळी साडेआठची, इकडे संध्याकाळचे सहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की इकडे सात वाजतात, आणि सातला काकूंच्या मालिकेचा जुना भाग परत लागतो. तेव्हा त्या फोन उचलत नाहीत. वैशालीला लगेच धसका बसतो, ती मला मेसेज करते, मी लावते, माझाही उचलत नाहीत. मुलीने एक तास लवकर उठावं की काकूंनी एक भाग सोडावा, यावर मागचा अख्खा हिवाळा दोन्ही बाजूंनी माझ्यामार्फत बोलणी चालली होती. अजून काही ठरलेलं नाही.